माझ्या अंगावरचा पांढरा बाण

मित्रांनो, शाळेत ज्या फळ्याकडे पाहून तुम्ही जांभया देता ना, त्याचा मी लांबचा भाऊ. मीही एक जुना लाकडी फळाच आहे. पण माझ्यावर कधी कोणी पाढे लिहिले नाहीत की सुविचार लिहिला नाही. माझ्या अंगावर फुटबॉलचं मैदान रंगवलेलं आहे, आणि त्या मैदानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड पांढरा बाण आहे. तो पुसत नाही. हवं तर घासून पाहा, घाम तुम्हालाच येईल. आज त्या बाणाची गोष्ट सांगतो, म्हणजे माझीही आपोआप सांगून होईल.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. क्लबला हवी होती तेवढी रुंद फळी त्याच्याकडे नव्हती. त्याने दोन फळ्या घेतल्या, कडेला कड लावली आणि मला जोडलं. क्लबची माणसं न्यायला आली तेव्हा कुरकुरली, "अहो, मधोमध जोड दिसतोय की!"

"दिसू द्या," सुतार पटाशी पुसत म्हणाला. "मैदानाला मधली रेघ लागतेच ना? ती मी फुकट दिली समजा."

तर अशी माझी मधली रेघ जन्मजात आहे. बाकीचं मैदान नंतर रंगवलं.

मला कपडे बदलायच्या खोलीत टांगलं. खोली लांबट, दोन बाजूंना दोन बाक, वर खुंट्यांची रांग, कोपऱ्यात एक नळ. तो नळ कितीही आवळला तरी ठिबकायचाच. ओले मोजे, दुखऱ्या स्नायूंना चोळायचं मलम आणि चिखल यांचा मिळून जो वास होतो, तो मी आयुष्यभर घेतला आहे. पहिला महिना जड गेला. पुढे त्याच्याशिवाय करमेना.

माझ्या अगदी समोर दार आहे. ते उघडं असलं की मला मैदानाचा एक तुकडा दिसतो, फक्त अलीकडचा गोल आणि त्याच्यापुढची थोडी जागा. घरच्या मैदानावर पहिल्या अर्ध्यात आमचा संघ हा गोल राखायचा आणि मध्यंतरानंतर याच गोलावर हल्ला करायचा, अशी आमची जुनी रीत. म्हणजे आधी मला आमची धडपड दिसायची आणि नंतर समोरच्यांची. बाकीचा सामना मी कानांनी पाहत आलो आहे.

तेव्हा आमच्या संघाला शिकवायला एक उस्ताद होते. छाती पिंपासारखी, आवाज नगाऱ्यासारखा. दार ते हाताने कधी उघडत नसत, बुटाने उघडत. त्यांचा खेळ सोपा होता. आमचा गोलकीपर चेंडू मारायचा तो थेट आभाळात, आणि तो जिथे पडायचा तिथे आमचा पुढचा खेळाडू उभा असायचा. हा खेळाडू इतका उंच होता की त्याला सगळे शिडी म्हणत. शिडी डोकं लावायचा आणि गोल! मधल्या नऊ जणांना पुष्कळदा चेंडूची नुसती सावली मिळायची.

उस्ताद दर आठवड्याला माझ्यावर खडूने तोच बाण काढायचे. एक दिवस ते कंटाळले. "रोज उठून तेच काय काढायचं? ए शिडी, तू घरं रंगवतोस ना? हा बाण एकदाचा रंगवून टाक."

शिडी खरंच घरं रंगवायचा. कुणाच्या तरी खिडक्यांचा उरलेला पांढरा तेलाचा रंग तो संध्याकाळी घेऊन आला आणि जीभ दातात धरून त्याने बाण रंगवला. टोकापाशी रंग जरा जास्त झाला, एक ओघळ खाली आला. तो ओघळ अजून आहे.

काय दिवस होते ते! आम्ही जिंकत होतो. सामन्याला जाताना प्रत्येक खेळाडू माझ्या बाणाच्या टोकावर बोट टेकवून जायचा. अकरा बोटं, अकरा टकटकी. माझी मान ताठ व्हायची. मान मला नाही, पण तुम्हाला कळलं.

पण मित्रांनो, एकच गाणं रोज गायलं की शेजाऱ्यालाही पाठ होतं. समोरच्या संघांनी शिडीच्या दोन बाजूंना दोन ताडमाड गडी उभे करायला सुरुवात केली. चेंडू यायचा, तिघे उड्या मारायचे आणि चेंडू भलत्याच्याच पायात जायचा. आम्ही हरू लागलो. आणि माझ्यावर तर आता काही लिहायचंच नव्हतं. खडू वाळून गेला, डस्टर हरवला. कुणीतरी एक दिवस ओला टॉवेल माझ्यावर टाकला. मग रोजच टाकू लागले. दोन वर्षं मी कपडे वाळत घालायची दोरी म्हणून काढली. फळ्याला रडता येत नाही, पण टॉवेल ओला असला की दिसायला तसंच दिसतं.

शेवटी उस्तादांचे गुडघे बोलायला लागले आणि ते घरी बसले. नवीन माणूस येणार अशी कुजबुज सुरू झाली.

एका सकाळी सगळे कपडे बदलत होते. आणि दारावर आवाज आला. टक, टक, टक.

त्या दारावर आजवर कोणी टकटक केलीच नव्हती! आमचा गोलकीपर, ज्याला सगळे मामा म्हणत, ओरडला, "कोण आहे? दार उघडंच आहे की!"

बाहेरून बाईचा आवाज आला, "सगळ्यांचे कपडे घालून झाले का?"

त्यानंतर जी पळापळ झाली ती मी जन्मात विसरणार नाही. शिडीने दुसऱ्याचीच चड्डी चढवली, ती त्याच्या मांडीपाशीच अडकली. कुणी टॉवेल ओढला, कुणी बाकामागे बसला. "दोन मिनिटं थांबा हं!" मामा किंचाळला.

त्या बाहेर पूर्ण दोन मिनिटं थांबल्या. मग आत आल्या. ठेंगण्या, केसांत पांढऱ्या बटा, गळ्यात शिट्टी आणि काखेत बिस्किटांचा एक जुना गोल पत्र्याचा डबा. तरुणपणी त्या स्वतः खेळल्या होत्या. पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना बाई म्हणू लागले, आधी दबक्या हसण्याने आणि पुढे मनापासून.

बाईंनी माझ्यावरचे टॉवेल काढले आणि चक्क घड्या घालून बाकावर ठेवले. मग त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "हा बाण पुसत नाही का?"

"तेलाचा रंग आहे बाई," शिडी छाती काढून म्हणाला. "मीच दिलाय. दहा वर्षं हलायचा नाही."

मला वाटलं, आता ही बाई पॉलिश पेपर मागवणार आणि मला खरवडून काढणार! पण बाई जवळ आल्या, त्यांनी तो ओघळ बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "काम चांगलं झालंय. राहू दे."

मग त्या मामाकडे वळल्या. मामा पहाटेपासून बेकरीत भट्टीपुढे उभा राहायचा आणि तिथून सरावाला यायचा. त्याच्या भुवयांवर नेहमी मैदा असायचा. चौदा वर्षं तो आमचा गोल राखत होता.

"तुम्ही चेंडू मारता तेव्हा समोर काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

मामाने डोकं खाजवलं. "मारताना? मारताना आभाळ दिसतं, बाई."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "मग आधी ते बदलू," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी दोघांना हाताशी घेतलं, मला भिंतीवरून उतरवलं आणि दोन बाकांवर आडवं ठेवलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी छत पाहिलं! कोपऱ्यात एक कोळी होता, त्याने मला पाहिलं, मी त्याला. आणि माझ्याभोवती, जेवायला बसावं तसे, सगळे खेळाडू गोळा झाले. भिंतीवर असताना एकच जण बोलायचा आणि बाकीचे बघायचे. आता कुणीही हात पुढे करू शकत होता.

बाईंनी डबा उघडला. आत बटणंच बटणं! त्यांच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं, त्यातली उरलेली. "घ्या, आपापलं निवडा," त्या म्हणाल्या. मामाने कोटाचं मोठं तपकिरी बटण उचललं. शिडीने एक लांबुळकं लाकडी घेतलं. आणि मामाच्या सख्ख्या भाच्याने सदऱ्याचं सगळ्यात बारीक मोतिया बटण घेतलं. हा भाचा पोस्टात कामाला होता, घरोघर पत्रं टाकायचा. चणीने एवढासा, म्हणून त्याचं नाव वाटाणा. हा मामाला मामा म्हणायचा म्हणूनच तर सगळा संघ मामा म्हणायला लागला होता.

बाईंनी घाई केली नाही. पहिले दोन आठवडे त्यांनी माझ्या फक्त एका कोपऱ्यात खडू फिरवला. मामाने चेंडू आभाळात मारायचा नाही, शेजारच्या गड्याला जमिनीवरून द्यायचा. बस्स, एवढंच. "बाकीचं मैदान?" कुणीतरी विचारलं. "ते कुठे पळून जात नाही," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी एक खेळ काढला. चेंडू तुमच्याकडे येत असताना बाई तुमच्या पाठीमागे उभ्या राहून हाताची बोटं वर करायच्या. चेंडू पायात येण्याआधी मान वळवून बघायचं आणि किती बोटं ते ओरडून सांगायचं. चुकलं की चेंडू परत. दारातून मला मामा दिसायचा. चेंडू यायचा, बाई ओरडायच्या, "किती?" आणि मामा चेंडूकडेच बघत ठोकून द्यायचा, "चार!"

"मी हातच वर केला नव्हता, मामा."

हळूहळू मामाची मान वळायला लागली. इतकी, की एक दिवस तक्रारच घेऊन आला. "बाई, बायको वैतागली. भट्टीत पाव सारतानाही मी मागे वळून बघतो. ती म्हणते, मागून कोण येणार आहे, मीच ना?"

"मग बरोबर ओळखता ना तिला?"

"हो, पण तिच्या हातात लाटणं असतं, बोटं मोजता येत नाहीत!"

मैदानाची देखभाल करणारे माळीकाका मात्र बाईंवर रुसले होते. ते उस्तादांचे मेहुणे. आमचं गवत घोट्याएवढं, कारण ज्यांचा चेंडू आभाळातून जातो त्यांना गवताशी काय देणंघेणं? पण जमिनीवरून दिलेला चेंडू त्या गवतात म्हशीसारखा बसायचा.

"काका, थोडं कापाल का?" बाईंनी दारातच विचारलं.

"दाजींच्या वेळी चेंडू गवताला शिवायचासुद्धा नाही," काका म्हणाले. "गवत ही मैदानाची अब्रू आहे. मी कापणार नाही."

"सगळं नको. या आठवड्यात एकच बोट."

एका बोटावर काय भांडणार? काकांनी कापलं. पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा दारात. "आणखी एकच बोट, काका."

खेळही तसाच बोटाबोटाने बदलत होता. पण सामने काही थांबत नाहीत ना! पहिल्याच सामन्यात मामाने चेंडू शेजाऱ्याला दिला तो इतका हळू, की समोरचा गडी मध्ये घुसला आणि चेंडू आमच्या गोलात. मी स्वतः पाहिलं. मामा गवतात बसला आणि प्रेक्षकांतून एकच ओरड, "अरे मार ना रे मामा! उंच मार!" तो सामना हरलो. पुढचा हरलो. त्याच्या पुढचाही.

चौथ्या पराभवानंतर क्लबचे अध्यक्ष खोलीत आले. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि बोलणंही त्याच मालाचं. त्यांनी बोट माझ्याकडे रोखलं. "बाई, एवढा मोठा बाण भिंतीवर आहे. तुम्हाला वाचता येत नाही का?"

"येतो की," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण एकच ओळ आहे. एका ओळीचं पुस्तक होत नाही."

"मला पुस्तक नको, संघ वाचवायचाय. ऐका, हंगाम संपताना आपण खालच्या गटात घसरलो, तर तुमचं काम संपलं. मी दुसरा माणूस आणीन, बाणवाला."

"चालेल," बाई म्हणाल्या. पण ते गेल्यावर त्या बराच वेळ बाकावर बसून राहिल्या, डब्याचं झाकण उघडत आणि लावत. त्यांना हे काम किती आवडत होतं ते त्या खोलीत फक्त मला आणि त्या ठिबकणाऱ्या नळाला कळलं.

हळूहळू फरक पडायला लागला. आधी एक बरोबरी झाली. मग आणखी एक. माझ्यावरच्या खडूच्या रेघा मामाच्या कोपऱ्यातून निघून वेलीसारख्या वर चढत होत्या आणि एक दिवस माझा जोड ओलांडून पलीकडे गेल्या. गवत आता चार बोटं खाली आलं होतं.

आणि मग ती गंमत झाली. चेंडू घाईघाईत उडवू नये म्हणून बाईंनी सरावात एक नियम केला होता, पाच पास झाल्याशिवाय गोलावर मारायचं नाही. एका सामन्यात दुसऱ्या अर्ध्यात मला दारातून दिसलं, शिडी अगदी गोलापुढे, चेंडू पायात, समोरच्यांचा कीपर पडलेला, गोल सताड उघडा! फुंकर मारली तरी चेंडू आत जाईल. आणि शिडीने काय करावं? वळला आणि चेंडू शांतपणे मागे देऊन मोकळा झाला!

सामना बरोबरीत सुटला. खोलीत आल्यावर मला बाकांवर आडवं केलं, बटणं मांडली आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. "अरे शिडी, डोळे घरी विसरलास का?"

"माझी काय चूक?" शिडी रडवेला झाला. "चारच झाले होते! मी मोजत होतो. बाई, तुम्हीच सांगा, चारच झाले होते ना?"

आधी बाईंचे खांदे हलले. मग त्यांनी तोंडावर हात धरला. मग सगळी खोली अशी हसली, की माझ्यावरची बटणं टणाटण उडाली. वाटाण्याचं बारीक बटण तर माझ्या मधल्या जोडात जाऊन बसलं ते आजतागायत निघालेलं नाही.

डोळे पुसून बाई म्हणाल्या, "तुझी चूक नाही, माझी आहे. मी मोजायला शिकवलं आणि तू मोजलंस. आजपासून तो नियम रद्द. पास किती झाले ते मोजू नका. समोर काय आहे ते बघा. एका पासात काम होत असेल तर एक. वीस लागले तर वीस."

त्यानंतर आम्ही जिंकलो. एकदा नाही, तीनदा. दारातून आमचे पास दिसायचे तेव्हा मला त्या पोस्टमन भाच्याची फेरी आठवायची, या घरून त्या घरी, त्या घरून पुढच्या घरी, पत्र कुठे पडायचं नाही. पण आधी इतकं हरलो होतो की शेवटच्या सामन्यापर्यंत धाकधूक राहिलीच. तो जिंकला तरच आम्ही वरच्या गटात राहणार होतो. नुसत्या बरोबरीने भागणार नव्हतं.

त्या दिवशी टकटक झाली, बाई आत आल्या आणि त्यांच्या काखेत तो डबा होता. रिकामा. बटणं तर माझ्यापाशीच, एका पिशवीत असायची.

मामाच्या ते लगेच लक्षात आलं. "डबा कशाला आणलात, बाई?"

"असू द्या. बटणं घरी न्यावी लागली तर असावा."

वाटाण्याने डबा उचलला आणि बाकाखाली, बुटांच्या मागे सारून दिला. मग सगळे एकेक करून माझ्या बाणाच्या टोकावर बोट टेकवून बाहेर पडले. बाईंनी ही रीत कधी मोडली नव्हती.

बाहेर माळीकाका उभे होते. "पाचवं बोट पहाटेच कापलंय," ते बाईंकडे न बघता पुटपुटले. "कुणी सांगितलं नव्हतं. सहज."

पहिल्या अर्ध्यात मला आमचा गोल दिसत होता. समोरच्यांनी लवकरच एक गोल ठोकला. मध्यंतराला अध्यक्ष दाराशी येऊन ओरडून गेले, "आज तरी बाण!" बाईंनी मला बाकांवर आडवं केलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरल्या. "तुम्हीच सांगा, काय दिसतंय?"

सगळी बोटं माझ्यावर फिरू लागली. "ते आपल्या अंगावर फार पुढे येतायत," वाटाणा म्हणाला. "जितके जास्त पास देऊ तितके पुढे येतील." मामा आपलं तपकिरी बटण जागच्या जागी फिरवत होता आणि माझ्या बाणाकडे बघत होता.

मला परत टांगून सगळे बाहेर गेले. आता माझ्यासमोर त्यांचा गोल होता. थोड्याच वेळात आमचा चेंडू पायापायांतून आला आणि वाटाण्याने कोपऱ्यातून आत सारला. एक-एक! प्रेक्षकांत उस्तादसुद्धा आले होते, त्यांचा नगारा मी ओळखला. पण वेळ संपत आली तरी पुढचा गोल होईना. मला नुसते आवाज ऐकू येत होते. चेंडू लांब, पलीकडच्या टोकाला, आमच्या गोलापाशी होता. समोरचे सगळे तिकडे धावले असणार, कारण माझ्यासमोरची जागा रिकामी झाली होती. त्यांचा एक बॅक, त्यांचा कीपर आणि आमचा शिडी. बस्स.

प्रेक्षकांतून उस्ताद गरजले, "मार रे मामा!" पण मामाने लगेच मारलं नाही. आणि मैदानाच्या त्या टोकावरून मामाचा आवाज आला, अगदी सरावात ओरडायचा तसा:

"एक!"

मग धप्पकन आवाज झाला. मी आभाळाकडे पाहिलं. दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेतून चेंडू आत आला, जुन्या मित्रासारखा. शिडी उडाला नाही. त्याने चेंडू छातीवर घेतला, पायाशी उतरवला. कीपर त्याच्या अंगावर धावला. पूर्वीचा शिडी असता तर त्याने डोळे मिटून ठोकला असता. पण शिडीने मान वळवली. डावीकडून एक वाटाणा जिवाच्या आकांताने धावत येत होता. शिडीने चेंडू हलकेच त्याच्याकडे सारला, आणि वाटाण्याने, पत्र पेटीत टाकावं तसा, तो गोलात टाकला.

पुढे काय झालं ते विचारू नका. दारातून एकदम इतकी माणसं आत आली, की मी खिळ्यावरून निसटता निसटता राहिलो.

गोंधळ जरा ओसरल्यावर बाईंनी मामाला विचारलं, "मी तर उंच मारायला सांगितलं नव्हतं."

"तुम्ही म्हणालात ना, आधी बघायचं," मामा धापा टाकत म्हणाला. "बघितलं. पाच जण माझ्या अंगावर आणि तिकडे शिडीपाशी एकच बॅक. एकच बोट! चौदा वर्षं मारत होतो बाई, पण आज पहिल्यांदा आभाळ नाही दिसलं. शिडी दिसला."

उस्ताद काठी टेकत आत आले. दार त्यांनी हाताने उघडलं. माझ्यापुढे उभे राहून त्यांनी बाणावरून पंजा फिरवला. "ठेवलात का माझा बाण?"

"चांगला आहे तो," बाई म्हणाल्या. "फक्त एकटा पडला होता."

अध्यक्ष कोपऱ्यात उभे होते. ते खाकरले. "बाई, ते दुसऱ्या माणसाचं मी सहजच बोललो होतो हं."

"हो का?" मामा म्हणाला. "मग तो डबा आज माझ्याकडे." त्याने बाकाखालून डबा ओढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो भट्टीतल्या गरम बिस्किटांनी काठोकाठ भरून बाईंच्या हातात दिला. बटणं माझ्यापाशीच राहिली.

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. क्लबने मध्यंतरी एक चकचकीत पांढरा फळा आणला, ज्यावर पेनाने लिहितात आणि फुंकरीने पुसतं. मोठ्यांचा संघ तो वापरतो. मी रविवारी सकाळी तुमच्याएवढ्या मुलांच्या वाट्याला येतो. ती मला बाकांवर आडवं करतात, माझ्यावर कोपर टेकून भांडतात, बटणांसाठी ओढाताण करतात. मला ते फार आवडतं. फक्त एवढं करा, ओला टॉवेल माझ्यावर टाकू नका, माझं लाकूड फुगतं. पुसायचं तर कोरड्या फडक्याने पुसा, आणि जोडापाशी जरा हलक्या हाताने, तिथे एक बारीक मोतिया बटण झोपलं आहे. तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं काही असेल. नवं शिकायचं म्हणून ते खरवडून टाकायची घाई करू नका. त्याच्या शेजारी आपली नवी रेघ काढा. जागा पुष्कळ असते. आणि पाय चालवायच्या आधी मान वळवून बघा, एवढं विसरू नका.

थांबा, बाहेर पावलं वाजली. कोण आलंय ते मला ठाऊक आहे. या मुलांना आता वाटाणा शिकवतो. केस पिकले, पोट सुटलं, पण दार काही तो अजून तसंच उघडत नाही.

टक, टक, टक.

"झाले का रे सगळ्यांचे कपडे घालून?"